खंडेनवमीला पुजलेली गाडी

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आज आलेलं सामान:
ब्रेकच्या चकत्या, पुढच्या चाकाच्या, दोन, इटलीच्या. ४६,८०० रु.
टायर, एक जोडी. ३९,५०० रु.
स्क्रू, मूठभर, निळ्या डबीत. २,१५० रु.
नारळ, सुपाऱ्या, पानं, सप्तधान्य, झेंडू, घटाची माती. ३८५ रु.

माती विकत घ्यावी लागते याचा राग येतच होता, तेवढ्यात स्क्रूची पावती हातात आली. भूषणला विचारलं, मूठभर स्क्रू दोन हजारांचे? म्हणाला, "आई, टायटॅनियमचे आहेत." म्हटलं, मग देव्हाऱ्यात ठेवू का?

पार्सलं घरी येतात, कारण परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या शेडमध्ये दिवसभर ग्राइंडरचा आवाज. कुरियरवाला हाका मारून परत जातो. इथे मल्हारगंजात मी असतेच, म्हणून सही माझी.

दोन वर्षांपूर्वी भूषणने पिथमपूरची पक्की नोकरी सोडली आणि बॅटरीवर चालणारी मोटारसायकल बनवायला घेतली. दोनशेच्या वर पळणार म्हणे. पैसा पुण्याच्या एका कंपनीचा. त्याचा कॉलेजातला दोस्त नीरज तो पैसा सांभाळतो आणि कंपनीला रिपोर्ट पाठवतो. आणि गाडी चालवून बघणारी कोण, तर श्रेया. मुलाची गाडी, दोस्ताची तिजोरी, आणि पडायला माझी मुलगी.

घट बसवताना मन शांत ठेवायचं असतं. नाही ठेवता आलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज ललितापंचमी. श्रेया जेवायला आली ती ट्रॅकवरूनच, गळ्यापर्यंत चामड्याच्या सुटात. घामाचा वास देवघरापर्यंत. "आई, आज एकशे सत्त्याऐंशी!" असं सांगितलं, जणू शाळेत मार्क मिळाले. मी म्हटलं, हात धू.

मग दोघं बहीणभाऊ बोलत बसले. ती भाकरी तशीच ठेवून दोन्ही हात हवेत धरते आणि ताटावरच वळण घेते. "दादा, इथे, बघ, इथे पुढचं चाक थरथरतं. सस्पेन्शन दोन क्लिक सैल कर." तो म्हणतो, "कंप्यूटरमध्ये तर काही दिसत नाही." ती म्हणते, "तुझ्या कंप्यूटरला हात आहेत का?" दुसऱ्या दिवशी तो दोन क्लिक सैल करतो आणि थरथर जाते. असं महिनोन्महिने चाललंय. तिला यातलं किती कळतं ते मला माहीत नाही, पण भूषण तिला विचारल्याशिवाय एक स्क्रू फिरवत नाही, हे मी बघितलंय.

यांनी, म्हणजे श्रेयाच्या बाबांनी, विचारलं की ब्रेक कसे आहेत. ती म्हणाली, "बाबा, मूठ सोडली की मोटरच गाडी अडवते. ब्रेक कमीच लागतो. सरळ रस्ता संपतो ना, तिथे मात्र लागतो, आणि तिथे तोच लागतो." नव्या चकत्या दसऱ्याच्या आधी बसतील.

माझं मत मी सांगून टाकलं: मुलीच्या जातीने हे करू नये. हे म्हणाले, "जेवताना नको." जेवताना नको, झोपताना नको, मग बोलायचं कधी?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळीच दोन तलवारी आणि कट्यार खाली काढली. यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते, त्यांची. लिंबू-राखेने घासली, कोरडी केली, तिळाच्या तेलाचा हात दिला. सासूबाईंची शिस्त होती, या दिवशी शस्त्राचं पातं कोरडं ठेवायचं नाही. त्यांच्या लहानपणी घोडाही पुजायचे. आता घोडा कुठला? म्हणून मीच हट्ट धरला होता, उद्या दसऱ्याला तुमची मोठी टेस्ट आहे ना, मग गाडी आधी घरी आणा, शस्त्रांशेजारी उभी करा. नीरज कुरकुरला. भूषणने ऐकलं.

छोट्या टेम्पोतून उतरवली. गल्लीतली सगळी पोरं गोळा. एकाने विचारलं, "भिया, सायलेन्सर कुठंय?" भूषण म्हणाला, "आहेच नाही." पोराला दया आली तिची.

भूषणने मला बजावलं, "आई, या काळ्या डब्याला आणि नारिंगी वायरला हात लावू नकोस, करंट आहे." नाही लावला. नारळ गाडीवर नाही, पायरीवर फोडला. पाण्याचा थेंब उडू दिला नाही. एवढी अक्कल मला आहे. हळदकुंकू फक्त समोरच्या काचेला, झेंडूची माळ मुठींना, ती नंतर काढून घेतली. पुढच्या चाकाच्या नव्या चकत्या मात्र उघड्याच, ना रंग ना काही. लखलखीत, पात्यासारख्या. सेहेचाळीस हजारांची वस्तू अशी कोरडी सोडली तर गंजेल, या पोरांना त्याचं काय. मऊ फडक्याने चारी बाजूंना तेलाचा हात फिरवला. जास्तीचं पुसून घेतलं, डाग दिसायला नको म्हणून. छान चमकल्या.

सगळे कडाकण्या खात आत बसले होते तेव्हाच हे उरकलं. मग गाडी पिथमपूरच्या टेस्ट ट्रॅकवर गेली. श्रेया वाकून पाया पडली. मी म्हटलं, पाया पडायचं असेल तर बसू नको तिच्यावर. हसली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

श्रेया पडली. गळ्याखालचं हाड मोडलं. शुद्धीवर आहे. बोलते आहे. आपटा कोणी वाटला नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी घरी आणली. खांदे मागे ओढून धरणारा पट्टा बांधलाय, उजवा हात हलवायचा नाही. सहा आठवडे म्हणाले. एका बाजूला कमरेपासून गुडघ्यापर्यंत निळं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर थांबले नसते.

काय झालं ते भूषणने तुटक तुटक सांगितलं. पहिली फेरी सावकाश, मोटरनेच अडवत. दुसरीत वेग घेतला. सरळ रस्ता संपतो तिथे ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. सरळ गेली असती तर कठड्यावर आदळली असती. तिने मुद्दाम ट्रॅकच्या कडेच्या वाळूत घातली आणि आडवी पाडली.

देवीला आज स्पष्ट विचारलं. नऊ दिवस उपास केला, अखंड दिवा विझू दिला नाही, आणि तुझ्याच दसऱ्याला? तिचं तोंड नेहमीसारखंच. राग आला. आरती केली, पण मोठ्याने नाही.

दुपारी वरण उतरवत होते. भूषण स्वयंपाकघराच्या दारात उभा. "आई, परवा पूजेत चाकाला काय लावलं होतंस?" म्हटलं, चाकाला काही नाही, चकत्यांना तेलाचा हात दिला, तलवारींना देते तसा. आतल्या खोलीतून श्रेया ओरडली, "दादा! इकडे ये आधी." मग दोघांचं दार लावून काय ते बोलणं. बाहेर आला तर म्हणतो, "काही नाही, असंच विचारलं. छान झाली होती पूजा." डोळे लाल. बिचारा, रात्रभर जागा होता.

पण ब्रेक लागलाच कसा नाही? इटलीची चकती, एवढी किंमत, पावती माझ्याकडे आहे. म्हणजे माल नकली. आणि माल मागवतो कोण? नीरज. मी सरळ त्याला फोन लावला. म्हटलं, डुप्लिकेट सामान आणून माझ्या मुलीला मारत होतास? पैसे कोणाच्या खिशात गेले? बारा गावचं पाणी पिऊन शहाणे झालेले तुम्ही लोक. तो "आंटीजी, सुनिए तो" करत राहिला. मी नाही ऐकलं. हे येऊन फोन काढून घेईपर्यंत बोलले. मोकळं वाटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

दूध आटवलं नाही. राग म्हणून नाही. हो, राग म्हणूनच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नीरज आला. सफरचंदं घेऊन. फोनबद्दल चकार शब्द नाही, उलट पाया पडला. मी सफरचंदं तोलून ठेवली, दोन मऊ होती.

"आंटीजी, अब आप टेन्शन मत लो. नोव्हेंबरमध्ये पुण्याचे लोक गाडी बघायला येतायत. फायनल रनला मी चेन्नईहून प्रोफेशनल रायडर आणतोय. श्रेयाला पूर्ण आराम." मग यांच्याकडे वळून, जरा खाली आवाजात, "पुण्याला रिपोर्ट पाठवला, काका. रायडर एरर. गाडीत काही फॉल्ट नाही, म्हणून पैसा थांबणार नाही."

रायडर एरर म्हणजे काय ते मला कळतं. चालवणाऱ्याची चूक.

तो गेल्यावर श्रेयाला विचारलं, "चूक तुझी होती?" ती भिंतीकडे बघत म्हणाली, "हो. ब्रेक उशिरा दाबला. झालं ना, बस्स." मी म्हटलं, बरं झालं, सुटलीस त्या गाडीतून.

मला आनंद व्हायला हवा होता. नवरात्रात हेच मागितलं होतं. पण भेंडी करपली, दोनदा तेच पातेलं घासलं, आणि सफरचंद कापताना बोट कापलं. जी मुलगी ताटावर हात धरून वळण घेते, ती ब्रेक उशिरा दाबेल?

१४ ऑक्टोबर, मंगळवार



दिवाळीची साफसफाई काढली होती. यांची स्कूटर ओट्यावर आणून पुसली. तिच्याही पुढच्या चाकाला तशीच एक चकती आहे, छोटी, गंजाची छटा आलेली. तिळाच्या तेलाचं तेच फडकं घेतलं. हे खुर्चीत पेपर वाचत होते. एकदम ओरडले, "अगं ए! तिथे तेल नको! ब्रेक धरणार नाही, मारायचंय का मला..."

आणि थांबले.

मी फडकं हातात धरून तशीच. हे पेपर उचलायला वाकले, तो पडलाच नव्हता. मग आत निघून गेले. पंचेचाळीस वर्षांचा संसार, यांना खोटं बोलता येत नाही, नुसतं आत निघून जाता येतं.

मी आत गेले. तिघंही होते. विचारलं, कोणाकोणाला माहीत आहे? श्रेया म्हणाली, "आई, बस आधी." मी म्हटलं, बसणार नाही.

सगळ्यांना माहीत होतं. भूषणला त्याच दिवशी, चकतीला बोट लावल्यावर. श्रेयाला दवाखान्यात. यांना दुसऱ्या दिवशी. मी इथे देवीशी भांडत होते, नीरजला चोर म्हणत होते, आणि हे तिघं माझ्या हातचं जेवत होते आणि एकमेकांना डोळ्यांनी गप्प करत होते.

भूषण म्हणाला, "चूक माझीसुद्धा आहे. गाडी ट्रॅकवर नेल्यावर चकत्या पुसून बघायच्या असतात. यादीतच आहे. दसऱ्याच्या गडबडीत मी टिकमार्क केला आणि बघितलं नाही." श्रेया म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर रडत बसली असतीस."

मी म्हटलं, रडेन, उपास करीन, पंचेचाळीस प्रदक्षिणा घालीन, काय करायचं ते माझं मी बघेन. मी काय काचेची गौर आहे, कापसात गुंडाळून ठेवायला? तेल मी लावलं. आणि चूक तुझ्या नावावर? कोणाला विचारून?

मी ते फडकं चुलीत... गॅसची चूल, तिच्यात कसलं घालणार. कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बडा गणपतीला जाऊन आले. तिथूनच रिक्षा करून परदेशीपुऱ्याला. भूषणच्या शेडमध्ये मी कधी गेले नव्हते. गाडी मधोमध उभी, एका बाजूने खरवडलेली, श्रेयाच्याच बाजूने.

नीरज उठला. "अरे आंटीजी, या या! भिया, आंटींसाठी एक चाय बोल."

म्हटलं, "चहा नको. चकत्यांना तेल मी लावलं होतं. तुझ्या रिपोर्टात दुरुस्ती कर."

तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला. "मालूम है, आंटी. तपासलं तेव्हाच ब्रेकच्या पॅडवर तेल निघालं. तुम्ही मला फोनवर डुप्लिकेट मालवाला म्हणालात, तेही मी ऐकून घेतलं ना?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याची मी माफी मागितली. ते देणं होतं. मग म्हटलं, "आता दुरुस्ती कर."

"नाही होत, आंटी. पुण्याला काय लिहू? आमच्या प्रोटोटाइपला घरातल्या बाईंनी तिळाचं तेल लावलं? ते विचारतील, तुमच्या गाडीला कोणीही येऊन काहीही लावून जातं का? पैसा परत मागतील. रायडर एरर लिहिलं की बात खतम. नवा रायडर, नवी टेस्ट, सब खुश."

"आणि श्रेयाचं?"

"तिने स्वतः रिपोर्टवर साइन केलंय. आणि खरं सांगू का, लेडी रायडर पडली म्हटलं की कोणी जास्त प्रश्नच विचारत नाही."

भूषण तिथेच होता. मी त्याच्याकडे वळले. "तू म्हणतोस गाडीत सगळं टिपलं जातं. तिने ब्रेक कुठे दाबला?"

तो पाना पुसत होता. "बरोबर जागी."

"किती?"

"पूर्ण."

"आणि ते आकडे पुण्याला पाठवले?"

पाना स्वच्छ झाला होता. तो पुसतच राहिला. मी पुन्हा विचारलं नाही.

दोन क्लिक, तीन क्लिक, श्रेया इथे थरथरतं का, श्रेया तिथे कसं वाटतं. आणि कागदावर सही घ्यायची वेळ आली तेव्हाही श्रेयाच.

रात्री त्याचं ताट वाढलं नाही. त्याने स्वतः वाढून घेतलं. मी देव्हारा पुसत बसले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

संध्याकाळी गल्लीत गाय-वासरू आलं. श्रेया डाव्या हाताने त्यांना गवारी खाऊ घालत होती. तिथेच विचारलं.

"सही का केलीस?"

"दादाची गाडी बंद पडेल, आई."

"तुझी नाही का ती?"

तिने वासराचं कपाळ खाजवलं. मग म्हणाली, "त्या चेन्नईवाल्याला ती वळणावर कशी बसते ते कळायला वर्ष लागेल. ती आवाज नाही ना करत. तळहातातून सांगते सगळं. पडायच्या आधीसुद्धा सांगितलं तिने, आई. मूठ दाबली आणि तिने सांगितलं की आज काही खरं नाही. म्हणून तर वाळूत घालायला वेळ मिळाला."

"हाड जुळल्यावर पुन्हा बसशील?"

"बसू देतील तेव्हा ना."

मला यातलं काही पटत नाही. मुलीचं अंग काय, तिचं आयुष्य काय, कशासाठी हे सगळं, मला आजही कळत नाही. पण तिने ज्या तोंडाने "बसू देतील तेव्हा" म्हटलं, ते तोंड मी तिच्या जन्मापासून बघितलेलं नाही. ही कधी कोणाला विचारून बसली होती?

यांना सांगितलं, मी पुण्याला लिहिणार. हे म्हणाले, "भूषणचं काय होईल, विचार केलास?" केला. दिवसभर तोच केला. त्याचा पैसा थांबेल. तो माझ्याशी कदाचित बोलणार नाही. मग म्हणाले, "लिही. पण रागात लिहू नको." म्हटलं, मग कशात लिहू?

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

पोस्टात गेले. म्हटलं रजिस्ट्री करायची. खिडकीतला म्हणाला, "माताजी, रजिस्ट्री तो बंद हो गई, अब स्पीड पोस्टच." मला न विचारता हेही बंद केलं. पोचल्याची सही मिळते म्हणाला, म्हणून दिलं. मुलांना सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी दिवे लावून झाल्यावर सांगेन. पत्राची नक्कल:

॥ श्री मल्हारी मार्तंड प्रसन्न ॥

श्री. पांडुरंग सबनीस, पुणे, यांस.

मी शांता जयसिंगराव पिसाळ, भूषणची आणि श्रेयाची आई. तुमच्या कंपनीच्या पैशाने माझा मुलगा मोटारसायकल बनवतो. तिच्या सामानाच्या पार्सलांवर सही माझी असते, त्यांतल्या बिलांवर तुमचं नाव-पत्ता असतो, तो मी तिथूनच घेतला.

दि. २ ऑक्टोबरच्या टेस्टमध्ये गाडी पडली. तुम्हाला कळवलं गेलं की चालवणाऱ्याची चूक. ते खोटं आहे. आदल्या दिवशी आमच्या घरी शस्त्रपूजा होती. पुढच्या ब्रेकच्या चकत्यांना मी कोणाला न विचारता तिळाचं तेल लावलं. असं लावायचं नसतं हे मला माहीत नव्हतं. नेल्यावर कोणी पुसून बघितलं नाही. माझ्या मुलीने ब्रेक बरोबर जागी आणि पूर्ण दाबला. गाडीत त्याचे आकडे आहेत, ते मागवून बघा. तिच्याकडून चूक कबूल करणारी जी सही घेतली, ती तिने भावासाठी आणि मला वाचवण्यासाठी दिली. मला वाचवायची गरज नव्हती.

या पत्रामुळे माझ्या मुलाचं काम थांबू शकतं. ते कळूनच लिहिते आहे.

मुलीने ही गाडी चालवावी असं माझं मत कधी नव्हतं, आजही नाही. हाड जुळलं नाही म्हणून तिला बसवत नाही असं तुम्ही म्हणालात तर मी पेढे वाटीन. पण तिला चालवता येत नाही म्हणून काढलं असं कागदावर राहिलं तर ते मी चालू देणार नाही. गाडी तिने घडवली आहे, निम्मी तरी. विश्वास नसेल तर भूषणला समोर बसवून विचारा, आणि त्याच्या हातात पाना देऊ नका.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. रिपोर्टातली ती ओळ खोडावी, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर फायनलला गाडी तिलाच द्यावी. फोन करू नये, फोन इथे कोणीही उचलतं आणि गोड बोलतं. काय ठरवलं ते कागदावर लिहून, सही करून, माझ्या नावाने परतीच्या टपालाने पाठवावं.